मुक्कामावरचा स्थानिक कर, म्हणजेच 'सिटी टॅक्स': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलचं बुकिंग होतं, पैसे भरले जातात, मेल येतो. आणि त्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'स्थानिक कर हॉटेलवर भरावा.' या ओळीवरून मला जेवढे प्रश्न येतात तेवढे व्हिसावरूनही येत नाहीत. ओळखीच्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या सहली आखून देता देता साचलेले हे प्रश्न. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर.

हे दर बदलत राहतात, म्हणून शक्य तिथे आकड्यासोबत साल दिलंय. निघण्यापूर्वी त्या शहराच्या पालिकेच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

१. बुकिंग करताना पूर्ण पैसे भरले होते. मग हॉटेलने पुन्हा पैसे कसले मागितले?

बहुतेक वेळा तो तिथल्या नगरपालिकेचा मुक्कामावरचा कर असतो. तुम्ही भरलं ते खोलीचं भाडं आणि त्यावरचा व्हॅट. हा कर त्याच्याबाहेरचा. तो आधी न घेण्याचं कारण साधं आहे: अनेक शहरांत तो किती माणसं, त्यांची वयं काय आणि प्रत्यक्ष किती रात्री राहिले यावर ठरतो, आणि हे पक्कं कळतं तुम्ही काउंटरसमोर उभे राहिल्यावरच. त्यामुळे ही फसवणूक नव्हे. पण बुकिंगच्या पानावर ती ओळ शोधायला भिंग लागतं, ही तक्रार रास्त आहे. किमतीच्या खाली 'समाविष्ट नाही' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे ती बहुधा सापडते.

२. हे पैसे कोणाला जातात? हॉटेलला की सरकारला?

कर लावते पालिका, काही ठिकाणी प्रांत किंवा राज्य. हॉटेल तो फक्त गोळा करून पुढे भरतं. तुम्ही देता ते हॉटेलचं उत्पन्न नसतं.

बिलावर नावं वेगवेगळी दिसतील: फ्रान्समध्ये 'ताक्स द सेजूर', जर्मन भाषिक भागात 'कुरटाक्से', इटलीत 'इम्पोस्ता दि सोज्जोर्नो', अमेरिकेत 'ऑक्युपन्सी टॅक्स'. कल्पना जुनीच आहे. फ्रान्सने १९१० साली कायदा करून औषधी झऱ्यांच्या आणि हवापालटाच्या गावांना पाहुण्यांकडून असा कर घ्यायची मुभा दिली. अशा गावांत कायमची वस्ती थोडी आणि मोसमात पाहुणे कितीतरी. रस्ते, दिवे, बागा यांचा खर्च मूठभर गावकऱ्यांनी का सोसावा, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज मोठ्या शहरांचाही युक्तिवाद तोच आहे, फक्त 'गर्दी' हा शब्द त्यात भरलाय.

३. कर मोजतात कसा? माणशी, खोलीमागे की भाड्यावर?

तिन्ही पद्धती आहेत. हे एक कळलं की निम्मे प्रश्न उरतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुम्ही चार मोठी माणसं आहात, दोन खोल्या घेतल्या आहेत आणि मुक्काम पाच रात्रींचा आहे.

रोममध्ये माणशी हिशेब. ऑक्टोबर २०२३ पासून तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो, चार तारांकितमध्ये साडेसात, पंचतारांकितमध्ये १०. तीन तारांकितचं गणित: ४ गुणिले ५ गुणिले ६, म्हणजे १२० युरो. खोली स्वस्तात मिळाली म्हणून यात काही कमी होत नाही.

दुबईत खोलीमागे. तिथला 'टूरिझम दिरहम' २०१४ पासून आहे, हॉटेलच्या दर्जानुसार रात्रीला ७ ते २० दिरहम. तीन तारांकितमध्ये १० दिरहम, म्हणजे दोन खोल्यांचे पाच रात्रींचे १०० दिरहम. खोलीत एक माणूस झोपो की तीन, फरक नाही. शिवाय भाड्यावर पालिकेची टक्केवारीची फी असते ती वेगळी.

बर्लिनमध्ये टक्के. १ जानेवारी २०२५ पासून खोलीच्या निव्वळ भाड्यावर साडेसात टक्के, आधी पाच होते. खोलीचं निव्वळ भाडं रात्रीला १०० युरो धरलं तर दोन खोल्या, पाच रात्री मिळून ७५ युरो. ॲमस्टरडॅमने १ जानेवारी २०२४ पासून हाच दर साडेबारा टक्के केला. त्याआधी तिथे सात टक्के आणि वर माणशी ३ युरो अशी दुहेरी पद्धत होती.

क्योतोत टप्पे. माणशी रात्रीचं भाडं ज्या टप्प्यात बसेल तेवढा कर. १ मार्च २०२६ पासून ६,००० येनच्या आत २०० येन, ६,००० ते २०,०००च्या आत ४०० येन, असं चढत चढत १,००,००० येन किंवा त्याहून महाग मुक्कामाला १०,००० येन. आपल्या चौघांचं माणशी भाडं १०,००० येन धरलं तर एकूण ८,००० येन.

माझं मत विचाराल तर टक्क्यांची पद्धत त्यातल्या त्यात न्याय्य. माणशी कर स्वस्त हॉस्टेलात राहणाऱ्याला जास्त लागतो. पण माणशी पद्धतीत हिशेब घरी बसून कागदावर करता येतो, हा तिचा फायदा नाकारता येत नाही.

४. टक्क्यांची पद्धत असेल तर टक्के कशावर? नाश्ता, व्हॅट धरून?

साधारणपणे फक्त झोपण्याच्या भाड्यावर, व्हॅट वगळून. बर्लिनमध्ये नाश्ता, मिनीबार, सॉना हे सगळं बाजूला काढतात. क्योतोतही टप्पा ठरवताना जेवण आणि उपभोग कर धरत नाहीत. त्यामुळे 'नाश्त्यासह' पॅकेज घेतलं असेल तर बिलात खोली आणि नाश्ता वेगळे दाखवलेत का ते बघा. दाखवले नसतील तर सरसकट पूर्ण रकमेवर टक्के लागल्याची शक्यता असते.

मध्यस्थ साइटवरून बुकिंग असेल तर मूळ रक्कम कोणती, हाच वादाचा विषय आहे: साइटने हॉटेलला दिलेली कमी रक्कम, की तुम्ही साइटला दिलेली जास्त? टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओसह १७३ शहरांनी यावर ऑनलाइन कंपन्यांशी वर्षानुवर्षं दावा लढवला. अपील न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की कर हॉटेलला मिळणाऱ्या रकमेवरच. मग अपिलाचा खर्च कोणी सोसायचा यावरून प्रकरण २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही शहर हरलं. तात्पर्य इतकंच, की तुमच्या बिलातले टक्के तुमच्या रकमेशी तंतोतंत जुळले नाहीत तर दरवेळी ती चूकच असेल असं नाही.

५. लहान मुलांना लागतो का?

माणशी पद्धतीत मुलांना सहसा सूट असते, पण वयाची रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळी. फ्रान्समध्ये १८ वर्षांखालच्या सगळ्यांना माफ. बालेआरिक बेटांवर (मायोर्का, इबिथा वगैरे) १६च्या खाली, लिस्बनमध्ये १३च्या खाली, रोममध्ये १०च्या खाली. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला लिस्बनला माफ आणि रोमला पूर्ण कर. मुलांचे पासपोर्ट सूटकेसच्या तळाशी ठेवू नका. काउंटरवर जन्मतारीख दाखवावी लागते.

खोलीमागे किंवा टक्क्यांनी कर असेल तर हा प्रश्न येतच नाही. खोलीत मूल आहे म्हणून कमी होत नाही आणि वाढतही नाही.

६. आम्ही तीन आठवडे राहणार आहोत. सगळ्या रात्रींचा भरायचा?

बऱ्याच शहरांत कमाल रात्री ठरलेल्या असतात. रोममध्ये १०, लिस्बन आणि बार्सिलोनात ७, दुबईत ३०. एडिनबरात (प्रश्न १२) ५. बालेआरिक बेटांवर नवव्या रात्रीपासून दर निम्मा होतो. ॲमस्टरडॅमसारख्या टक्क्यांच्या शहरांत अशी सवलत गृहीत धरू नका.

ही मर्यादा सलग रात्रींची असते आणि बहुतेक ठिकाणी एकाच मुक्कामाच्या जागेपुरती मोजतात. मधे हॉटेल बदललं की मोजणी पहिल्यापासून. स्वस्त खोली मिळाली म्हणून अर्ध्यावर हलणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

अमेरिकेत गणित उलट आहे. तिथे ठरावीक दिवसांपुढे तुम्ही पाहुणे उरतच नाही, 'कायम रहिवासी' ठरता आणि कर सुटतो. टेक्सासमध्ये ३० दिवस, न्यूयॉर्क शहराच्या हॉटेल करासाठी मात्र १८०. टेक्सासमध्ये ३० दिवस राहणार असल्याचं हॉटेलला आधी लेखी कळवलं तर सूट सुरुवातीपासून मिळते. न कळवता राहिलात तर पहिल्या ३० दिवसांचा कर भरावाच लागतो.

७. रोख द्यावा लागतो का? आणि कधी, जाताना की आल्यावर?

कायद्याने रोखच द्यावा असं सहसा नसतं. पण लहान हॉटेलं आणि घरगुती निवास कार्डाचं कमिशन वाचवायला रोख मागतात.

एकदा इटलीतल्या एका छोट्या हॉटेलातून आम्ही पहाटे पाचला निघत होतो. दारात टॅक्सी उभी, इंजिन चालू. झोपाळलेल्या मुलाने ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं, कार्बन नीट बसवला, प्रत्येकाचं आडनाव अक्षर अक्षर विचारून लिहिलं आणि मग सांगितलं, कार्ड नाही, आणि शंभराची नोट मोडायला सुट्टे नाहीत. शेवटी टॅक्सीवाल्याने नोट मोडून दिली. तेव्हापासून मी हा कर आदल्या संध्याकाळीच भरून टाकते आणि वीसच्या नोटा वेगळ्या ठेवते.

पावती मागाच. पुढे काही वाद निघाला तर (प्रश्न १८) तीच कामाला येते.

८. एअरबीएनबीसारख्या साइटवर घर घेतलं तरीही लागतो? घरमालक दुसऱ्यांदा तर घेत नाही ना?

लागतो. मुक्काम हॉटेलात की कोणाच्या फ्लॅटमध्ये, याने कर चुकत नाही. दर मात्र वेगळा असू शकतो. फ्रान्समध्ये तारांकन नसलेल्या जागांना माणशी भाड्याच्या १ ते ५ टक्के असा हिशेब आहे.

गोळा कोण करतं, ते शहरावर अवलंबून. अमेरिकेत पोर्टलंडपासून, २०१४ साली, एअरबीएनबीने स्वतः कर कापून पालिकेला भरायला सुरुवात केली. फ्रान्समध्येही साइटच घेते. जिथे असा करार नाही तिथे मालक दारात मागतो. म्हणून भरलेल्या रकमेचा तपशील उघडून बघा: त्यात 'ऑक्युपन्सी टॅक्स' किंवा 'टुरिस्ट टॅक्स' अशी वेगळी ओळ असेल तर तुमचा कर भरून झालाय. तरीही मालक मागत असेल तर ती ओळ दाखवा आणि साइटच्या संदेशपेटीतूनच बोला. तोंडी बोलण्याचा मागे पुरावा राहत नाही.

९. आम्ही भाचीकडे उतरणार आहोत. तिथेही?

नाही, पैसे देऊन राहत नसाल तर सहसा नाही. अपवाद जर्मन भाषिक भागातल्या आरोग्यधामांच्या गावांचा. तिथे 'कुरटाक्से' मुक्कामाच्या भाड्यावर नसतो, गावातल्या बागा, झरे, कार्यक्रम वापरता येतात यावर असतो. त्यामुळे तिथे सुट्टीचं दुसरं घर असलेल्या मालकालाही वर्षाची ठोक रक्कम लागू शकते.

१०. ऑफिसच्या कामाला जातोय, फिरायला नाही. मग 'पर्यटक' कर का?

नाव पर्यटक कर असलं तरी बहुतेक शहरं तुम्ही कशासाठी आलात हे विचारत नाहीत. रात्र काढली की कर लागला.

जर्मनीत मात्र यावर दहा वर्षं घोळ होता. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१२ साली म्हटलं की कामासाठी आवश्यक असलेल्या मुक्कामावर हा कर लावता येणार नाही. मग काउंटरवर पाहुणे ऑफिसची पत्रं दाखवू लागले आणि रिसेप्शनिस्ट ती फाइलला लावू लागले. २०२२ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की शहरांना कामाचे मुक्काम वगळायची सक्ती नाही. बर्लिनने १ एप्रिल २०२४ पासून ही सूट काढून टाकली. जुन्या ब्लॉगवर 'कंपनीचं पत्र न्या, कर वाचेल' असं वाचलंत तर त्याची तारीख बघा.

क्योतोत शालेय सहलीच्या विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना माफ आहे. कारणावरून सूट मिळण्याची अशी उदाहरणं थोडीच.

११. रात्री राहणारच नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तरी काही भरायचं?

मुक्काम नाही तर मुक्कामावरचा कर नाही. पण शहरांच्या लक्षात आलंय की गर्दी करून रात्री निघून जाणारे काहीच देत नाहीत. ॲमस्टरडॅम क्रूझने येऊन दिवसभर फिरणाऱ्यांकडून वेगळा कर घेतं. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलं: त्या वर्षी २९ दिवस, ५ युरो. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि ऐनवेळी भरणाऱ्याला ५ ऐवजी १० युरो. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. १४ वर्षांखालच्यांना माफ.

व्हेनिसात रात्री राहणाऱ्यांना हे शुल्क नाही, कारण ते मुक्कामाचा कर भरतातच. पण 'नाही' म्हणजे काहीच करायचं नाही असं समजू नका: पालिकेच्या संकेतस्थळावर नोंद करून सूट मिळाल्याचा कोड घ्यावा लागतो. जवळच्या स्वस्त गावांत उतरणाऱ्यांनी प्रश्न १६ही वाचावा.

१२. बुकिंग केलं तेव्हा दर कमी होता, आता वाढलाय. मी कोणता भरू?

सहसा मुक्कामाच्या तारखेचा दर लागतो, बुकिंगच्या तारखेचा नाही. क्योतोचे नवे टप्पे १ मार्च २०२६ पासूनच्या रात्रींना लागू आहेत, मग बुकिंग त्याआधीचं का असेना.

एडिनबराने वेगळा मार्ग धरला. तिथला ५ टक्के कर २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना आहे, पण फक्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा नंतर केलेल्या बुकिंगना. आधीच बुकिंग केलेल्यांना तो लागत नाही. हा सभ्यपणा मला आवडला. तुमचं बुकिंग त्या तारखेआधीचं असेल तर तो मेल जपून ठेवा.

१३. बुकिंग रद्द केलं किंवा पोचलोच नाही. कर परत मिळतो?

कर राहण्यावर आहे, राहिलाच नाहीत तर युरोपातल्या बहुतेक शहरांत तो देय होत नाही. 'परतावा नाही' ही अट खोलीच्या भाड्याला लागते, कराला नाही. साइटने कर आगाऊ कापला असेल तर तेवढी रक्कम वेगळी मागा. रक्कम लहान असते म्हणून लोक सोडून देतात, पण चार जणांच्या आठवड्याची ती लहान राहत नाही.

१४. 'रिसॉर्ट फी', 'डेस्टिनेशन फी', 'सर्व्हिस चार्ज' हे पण सरकारी करच ना?

नाही. ही हॉटेलची स्वतःची आकारणी आहे आणि नाव मुद्दाम सरकारी वाटेल असं ठेवलेलं असतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने सक्तीची अशी फी सुरुवातीलाच दाखवलेल्या किमतीत मिळवावी लागते. खाचखळगा असा, की सरकारी कर त्या किमतीबाहेर ठेवायची मुभा आहे. त्यामुळे तिथे पहिल्या पडद्यावरची रक्कम अजूनही शेवटची नाही. न्यूयॉर्कमध्ये विक्रीकर आणि हॉटेल कर मिळून भाड्याच्या पावणेपंधरा टक्के (१४.७५) आणि वर रात्रीला खोलीमागे साडेतीन डॉलर असं बसतं. २०० डॉलरच्या खोलीला रात्रीचे ३३ डॉलर नुसते कराचे.

दुबईच्या बिलात तर सगळेच शेजारी शेजारी बसतात: सर्व्हिस चार्ज हॉटेलचा, पालिकेची फी, टूरिझम दिरहम आणि शेवटी व्हॅट.

मधल्या जातीचं एक उदाहरण मँचेस्टरचं. एप्रिल २०२३ पासून तिथे खोलीमागे रात्रीला १ पाउंड अधिक व्हॅट घेतात. पालिकेला तिथे असा कर लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून हॉटेलांनी आपापसांत मतदान करून एका व्यापारी सुधारणा योजनेखाली तो लावून घेतला. पाहुण्याच्या खिशातून पैसे जायचे तसेच जातात, पण कागदोपत्री तो कर नाही.

१५. विमानतळावर किंवा व्हिसासोबत पर्यटन शुल्क भरलंय. तरी हॉटेल मागतंय.

ते वेगळं, हे वेगळं. बालीत परदेशी पर्यटकांकडून १४ फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपिया घेतात, पण ते एका भेटीला एकदाच, रात्रीनिहाय नाही. जपान देश सोडताना तिकिटातच प्रस्थान कर घेतो, त्याचा क्योतोच्या कराशी संबंध नाही. भूतानचं शाश्वत विकास शुल्क रात्रीच्या हिशेबाने असतं, मात्र ते देशाचं आहे, कुठल्या पालिकेचं नाही. मालदीवचा ग्रीन टॅक्सही तसाच, आणि तो मात्र हॉटेलच्या बिलातूनच येतो.

जपानात गरम पाण्याच्या कुंडांच्या सरायांत राहिलात तर आणखी एक ओळ दिसेल: स्नानाचा कर, साधारण माणशी १५० येन. तोही पालिकेचाच, आणि मुक्कामाचा कर असलेल्या गावात तो त्याच्यासोबत लागतो.

१६. शहराबाहेर उतरलं तर कर वाचेल का?

कधीकधी, पण हद्द नकाशावर बघा, नावावर जाऊ नका. मेस्त्रे हे व्हेनिसच्या समोरचं, मुख्य भूमीवरचं उपनगर. तिथे उतरणाऱ्यांना वाटतं आपण व्हेनिसबाहेर आहोत. पण मेस्त्रे व्हेनिस पालिकेतच येतं. म्हणजे मुक्कामाचा कर लागतो, आणि त्याच कारणाने दिवसाचं प्रवेश शुल्क माफ होतं. याउलट पादुआत उतरलात तर कर पादुआचा, आणि ठरावीक दिवशी व्हेनिसला गेलात तर प्रवेश शुल्कही. चौघांचा हिशेब मांडला तर स्वस्त खोलीतून वाचलेले पैसे शुल्क आणि रेल्वे तिकिटात जातात.

सगळीकडे कर असतोच असंही नाही. म्युनिकला तो हवा होता, पण बव्हेरिया राज्याने २०२३ मध्ये आपल्या सगळ्या पालिकांना मनाई केली.

१७. या पैशांचं होतं काय? आम्हाला काही मिळतं का?

काही ठिकाणी चक्क हातात मिळतं. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या अनेक गावांत कर भरला की 'कोनुस' चिन्ह असलेलं पाहुण्याचं कार्ड देतात, त्यावर त्या भागातल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या हॉटेलातही शहर-वाहतुकीचं कार्ड मिळतं. काउंटरवर ते द्यायला विसरतात, तुम्ही विसरू नका. दोन दिवस बसची तिकिटं काढून तिसऱ्या दिवशी ते कार्ड ड्रॉवरमधून निघाल्याचं दुःख मला माहीत आहे.

बाकी ठिकाणी पैसा कुठल्या खात्यात जातो ते कायद्यावर आहे. पॅरिसमध्ये २०२४ मध्ये कर जवळपास तिप्पट झाला तो प्रादेशिक वाहतुकीसाठी जोडलेल्या अधिभारामुळे. बालेआरिक बेटांवर पर्यावरणाच्या नावाने कर आला २००२ मध्ये, हॉटेलवाल्यांच्या विरोधामुळे २००३ मध्ये रद्द झाला आणि २०१६ मध्ये नव्या नावाने परत आला. जिथे पालिका हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत टाकते, तिथे 'पर्यटनासाठी' हा शब्द मी फार मनावर घेत नाही.

१८. हॉटेलने जास्त घेतलं असं वाटतंय. किंवा द्यायचाच नाही म्हटलं तर?

न देण्याचं आधी. इटलीत २०२० पासून हा कर पालिकेला भरायची जबाबदारी हॉटेलवर आहे, तुमच्याकडून मिळो न मिळो. म्हणून नकार देणाऱ्याकडून ते लेखी घेतात आणि पालिकेला कळवतात. भांडण हॉटेलशी नसून पालिकेशी असतं, तेव्हा काउंटरवरच्या मुलावर आवाज चढवून उपयोग नाही.

जास्त घेतल्याचा संशय असेल तर पावतीवर चार गोष्टी बघा: तारांकन, माणसं, रात्री, दर. बहुतेक चुका रात्रींच्या मोजणीत किंवा सूट मिळायला हवी अशा मुलांत सापडतात. रोममध्ये एका ओळखीच्या जोडप्याकडून तीन तारांकित हॉटेलात बारा रात्रींचे १४४ युरो घेतले होते. मर्यादा दहाची, म्हणजे हवे होते १२०. पालिकेच्या दरपत्रकाचं पान आणि पावतीचा फोटो जोडून दोन ओळींचा मेल टाकला. हॉटेलने कुरकुर न करता २४ युरो कार्डावर परत केले.

१९. माझंच एक घर मी पाहुण्यांना भाड्याने देणार आहे. मला काय करावं लागेल?

हा वेगळ्या पानाचा विषय, पण थोडक्यात: आधी पालिकेत नोंदणी, मग तुमची साइट कर स्वतः कापते का याची खात्री (प्रश्न ८). कापत नसेल तर पाहुण्याकडून घेतलेला कर भाड्यात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा, पावती द्या आणि ठरलेल्या मुदतीत भरा. शून्य पाहुणे आले तरी अनेक ठिकाणी 'शून्य' असं विवरण भरावं लागतं.

लपून राहायचे दिवस संपत आलेत. ब्रुसेल्सने पर्यटन करासाठी एअरबीएनबीकडे मालकांची माहिती मागितली, तेव्हा युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ती मागणी योग्य ठरवली. युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार २० मे २०२६ पासून साइट्सनी अल्पकालीन भाड्यांची माहिती नियमितपणे सरकारी यंत्रणेला द्यायची आहे.